कवेलू गेले, सिमेंटचे पत्रे आले: नागपूरच्या घरांवरील ॲस्बेस्टॉसची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की नागपुरात जुन्या घरांची कामं निघतात. वरचा मजला चढवायचा असतो, स्लॅब टाकायचा असतो, आणि त्याआधी छपराचे सिमेंटचे पत्रे उतरवायचे असतात. इंदोरा, पाचपावली, गड्डीगोदाम, इमामवाडा, कुठल्याही जुन्या वस्तीत कामाची रीत एकच. मिस्त्रीचा माणूस वर चढतो. गंजलेले जे-बोल्ट खोलत बसायला त्याला वेळ नसतो, म्हणून तो हातोड्याने पत्रा फोडतो आणि तुकडे खाली सोडतो. खाली रेजा, म्हणजे मजूर बाई, ते घमेल्यात भरते, मग खराटा घेऊन अंगण झाडते. घरमालक खूश, कारण काम एका दिवसात आटोपलं.

त्या झाडण्यात उडालेली धूळ ही या विषयातली सगळ्यात वाईट गोष्ट आहे. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे हे अंगणातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ही माहिती त्यांच्यापर्यंत का पोहोचली नाही, हे समजायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

ॲस्बेस्टॉस हे खनिज. दगडच, पण पिंजला की कापसासारखे धागे निघतात. न जळणारे, न कुजणारे आणि ताणाला चिवट. ऑस्ट्रियाच्या लुडविग हॅटशेकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कागदाच्या लगद्याची पद्धत उचलली आणि लगद्याऐवजी सिमेंट, पाणी व हे धागे वापरले. पातळ थरावर थर गुंडाळून हलका, पक्का पत्रा तयार झाला. प्रमाण साधारण नऊ भाग सिमेंट आणि एक भाग धागा. सगळी ताकद त्या एका भागाची.

भारतातला या मालाचा पहिला मोठा कारखाना 1934 मध्ये कटनीजवळ कैमोरला निघाला. कटनी आज मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा तो मुलूख मध्य प्रांतात होता आणि प्रांताचा कारभार नागपूरहून चाले. म्हणजे सिमेंटचा पत्रा आपल्याकडे परदेशी चीज म्हणून आला खरा, पण तयार होऊ लागला तो नागपूरच्याच राजवटीत. पुढे हैदराबादेत आणि इतरत्र कारखाने निघाले आणि माल खेडोपाडी पोहोचला.

लोकांनी तो का स्वीकारला, हे विदर्भातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आधी छपरावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं असत. थंडावा उत्तम, पण दर मे महिन्यात ते फेरावे लागत. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस फुटले म्हणून समजा. फाल्गुनातली गारपीट झाली तर विचारूच नका. फेरणारा माणूस मिळेना, मिळाला तर मजुरी परवडेना. टिन स्वस्त, पण उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत त्याखाली बसवत नाही आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सिमेंटचा पत्रा या दोघांच्या मधला: एक मीटरपेक्षा थोडा जास्त रुंद, सहा मिलिमीटर जाड, तीन मीटरपर्यंत लांब. चार पत्र्यांत खोली झाकली जाई, खाली लाकूडही कमी लागे, वाळवी नाही, गंज नाही. शाळांचे वऱ्हांडे, सायकल स्टँड, गोदामं, सरकारी क्वार्टर्स, गिरणी कामगारांच्या खोल्या, सगळीकडे तो चढला. ज्यांनी तो घातला त्यांनी शहाणपणाचाच व्यवहार केला होता, हे आज विसरायला नको.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम करणारी नेली केर्शॉ 1924 मध्ये वारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करून डॉ. विल्यम कुक यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, आणि पुढे याच आजाराला त्यांनी ॲस्बेस्टॉसिस असं नाव दिलं. 1930 मध्ये मेरवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला आणि 1931 मध्ये ब्रिटनने गिरण्यांतल्या धुळीवर नियम केले. कैमोरचा कारखाना निघाला तो त्यानंतर तीन वर्षांनी, ब्रिटिशांच्याच अमलात. धूळ मारते हे लंडनला माहीत होतं.

1960 साली चित्र आणखी बिघडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यात मेसोथेलिओमा या फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे रुग्ण वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी नोंदवले. त्यातल्या कित्येकांनी खाणीत कधी काम केलं नव्हतं. ते नुसते तिथे राहिले होते, लहानपणी त्या मातीत खेळले होते. धोका कारखान्याच्या फाटकाबाहेर येतो हे तेव्हा कागदावर आलं.

धागा शरीरात काय करतो? तो केसापेक्षा कितीतरी पटींनी बारीक असतो, नाकातून, घशातून थेट आत जातो. फुप्फुसातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण लांबट धागा पूर्ण गिळता येत नाही, विरघळतही नाही. पेशी मरतात, दाह होतो, वण धरतात. हे वर्षानुवर्षं चालतं. कर्करोग दिसायला वीस ते पन्नास वर्षं लागतात. सिगारेट किंवा बिडी ओढणाऱ्या माणसात फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो. या विलंबामुळेच आपल्याकडे रुग्णांचा आकडा हाती लागत नाही. तिशीत पत्रे फोडणारा मजूर साठीत दम लागून दवाखान्यात येतो, तेव्हा त्याला टीबी, दमा, बिडी असं सगळं विचारतात. तीस वर्षांपूर्वीचे पत्रे कोण विचारणार?

पुढे बंदीची रांग लागली. आइसलँडने 1983 मध्ये, ब्रिटनने 1999 मध्ये, युरोपीय संघाने 2005 पासून बंदी घातली. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या (पत्र्यांत मुख्यतः हाच प्रकार असतो) खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कॅनडाने 2018 मध्ये, आणि अमेरिकेने याच पांढऱ्या प्रकारावर 2024 मध्ये.

भारताची गोष्ट जरा विचित्र आहे आणि तिचा एक धागा पुन्हा नागपूरला येऊन जुळतो. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय नागपुरात सिव्हिल लाइन्सला आहे. देशातल्या खनिजांचा हिशेब तिथे ठेवला जातो. आरोग्याच्या कारणावरून सरकारने 1986 मध्ये ॲस्बेस्टॉसच्या नव्या खाणपट्ट्यांना मनाई केली आणि जुन्यांचं नूतनीकरणही थांबवलं. खाणी आटल्या. पत्र्याचे कारखाने मात्र चालूच राहिले, आणि धागा रशियासारख्या देशांतून जहाजाने येऊ लागला. आपल्या मातीतला काढायचा नाही, परक्याचा आणून छपराला लावायचा! भारत आज जगातल्या सर्वांत मोठ्या आयातदारांपैकी एक आहे. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसला घातक रसायनांच्या रॉटरडॅम करारातील यादीत घालायचा प्रस्ताव वर्षानुवर्षं अडलाय, आणि अडवणाऱ्यांत वेळोवेळी भारतही होता.

न्यायालयात काय झालं? 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. कामगाराच्या तब्येतीची नोंद किमान चाळीस वर्षं ठेवा आणि बाधितांना एक लाख रुपये भरपाई द्या, असं सांगितलं. मोठा निकाल होता. पण तो कारखान्यातल्या कामगारासाठी. सरसकट बंदीची मागणी 2011 मध्ये न्यायालयाने नाकारली, हा धोरणाचा प्रश्न आहे असं म्हणून. म्हणजे खाणीला मनाई आणि कारखान्याला नियम, पण छपरापर्यंत कुणी चढलंच नाही. माझ्या मते आजच्या गोंधळाचं मूळ हेच आहे.

घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉस आहे. बुटीबोरीला असा औद्योगिक कचरा पुरण्या-जाळण्याची सामायिक सोय आहे. नियमांची भाषा मात्र कारखान्याची. पाचपावलीतल्या घरमालकाने बारा पत्रे तिथपर्यंत कसे न्यावेत, याचा रस्ता त्याला कुणी दाखवत नाही. म्हणून शाबूत पत्र्याला गिऱ्हाईक मिळतं. तो गोठ्यावर, पानठेल्यावर, नव्या लेआउटमधल्या चौकीदाराच्या खोलीवर पुन्हा चढतो, आणि नव्याने भोकं पाडताना पुन्हा धूळ उडते. फुटलेला नाल्याकाठी किंवा खड्डा बुजवायला जातो.

आता घाबरायचं किती? पत्रा धड असेल, रंगवलेला असेल, कुणी त्याला कापत-घासत नसेल, तर धागे सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात आणि खाली राहणाऱ्याला धोका कमी असतो. चाळीस-पन्नास वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या पत्र्याचं तसं नसतं. वरचं सिमेंट झिजतं आणि धागे उघडे पडतात. तुटलेली कड उजेडात धरली तर पांढुरके, केसाळ झुबके बाहेर आलेले दिसतात. बोट लावून बघू नका. पागोळ्यांखाली जमणाऱ्या राखाडी गाळातही ते उतरतात. शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारणं किंवा डिशची, सोलरची तार न्यायला ग्राइंडर लावणं, हे पत्र्याखाली वीस वर्षं झोपण्यापेक्षा वाईट. आणि नुसतं बघून ओळख पटत नाही. बिनॲस्बेस्टॉसचे सिमेंटचे पत्रेही बाजारात आले आहेत आणि ते हुबेहूब तसेच दिसतात. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. जुना पत्रा असेल तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चालावं.

उतरवायचाच असेल तर पत्रे आधी पाण्याने चिंब करा. पाण्यात थोडा साबण टाकला की ते आत मुरतं. बोल्ट कापून किंवा खोलून पत्रा अख्खा उचला आणि दोघांनी हातोहात खाली घ्या, टाकू नका. वर चालायचं तर फळी टाकून, कारण जुना पत्रा पायाखाली फुटतो आणि त्यातून पडून माणसं जातात. हा धोका तर त्याच दिवसाचा. तोंडावर रुमाल चालत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा धुळीचा मास्क हवा. खाली प्लास्टिक अंथरा, झाडू अजिबात नको, तुकडे ओल्या फडक्याने टिपा, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून वर ‘ॲस्बेस्टॉस’ असं लिहा. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. परदेशांत नवऱ्याचे कपडे धुऊन आजारी पडलेल्या बायकांची नोंद आहे.

मिस्त्री या पद्धतीला एकाऐवजी दोन-तीन दिवस सांगेल आणि त्याची मजुरी मागेल. द्यावी. आणि पत्रे धड असतील, स्लॅबची घाई नसेल, तर वरून रंगाचा थर देऊन ते तसेच राहू दिलेले बरे.