‘स्वतःबद्दल लिहा’: अप्रेझलच्या एका रकान्यामागचा इतिहास

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईतल्या ऑफिसांत एक मेल येऊन पडते: सेल्फ असेसमेंट भरा, मुदत अमुक तारीख. वर्षभरात काय साध्य केलं, कुठे कमी पडलात, कशात सुधारणा हवी. एरवी कँटीनमध्ये अखंड बोलणारी माणसं या रकान्यांपुढे मुकी होतात. एका वर्षी ‘कुठे कमी पडलात’पुढे मी ‘कामात परिपूर्णतेचा अतिआग्रह’ असं टाइप करून मोकळी झाले. दुपारच्या चहाला कळलं, आमच्या रांगेतल्या आणखी तिघांनी तेच लिहिलंय. अवघड रिपोर्ट समोर आला की मी आधी इनबॉक्स साफ करत बसते, हे खरं उत्तर होतं. ते त्या रकान्यात लिहायला मी काही खुळी नव्हते.

माणसाने स्वतःकडे नीट पाहिलं तर त्याचं काम सुधारतं, आणि मनाची धारणा बदलली तर कामगिरी बदलते, अशा दोन समजुतींवर हा रकाना उभा आहे. दोन्ही आज एकाच स्लाइडवर दिसतात. पण त्या आल्या वेगवेगळ्या वाटांनी, आणि वाटेत बऱ्याच बदलल्याही.

रोज स्वतःचा हिशेब मांडण्याची चाल फार जुनी. पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका क्रोधावरच्या ग्रंथात आपली सवय सांगतो. रात्री दिवा नेला, बायको गप्प झाली (तिला ही सवय ठाऊक होती) की तो सबंध दिवस तपासायला घेई. काही लपवायचं नाही, काही वगळायचं नाही. चूक सापडली की स्वतःलाच सांगायचं, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ केलं. हे माफ करणं पुढच्या दोन हजार वर्षांत बऱ्याच जणांच्या हातून गळलं. आपल्याकडे ‘आत्मभान’ हा अलीकडचा शब्द. दासबोधाच्या अकराव्या दशकात रामदास ‘सावधपण’ म्हणतात, आणि सावधपण तिसरं सांगून मग चौथा ‘अत्यंत साक्षेप’ सांगतात. कष्टाच्या आधी भान, असा तो क्रम.

या हिशेबाला तक्त्याचं रूप दिलं ते बेंजामिन फ्रँकलिनने. पंचविशीच्या आसपास, फिलाडेल्फियात छापखाना चालवत असताना, त्याने सद्गुणांची यादी केली आणि एका लहान वहीत प्रत्येकाला एकेक पान दिलं. पानावर वाराचे सात उभे रकाने, सद्गुणांच्या तेरा आडव्या ओळी. दिवसात जिथे चुकलं तिथे काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच गुणावर नजर ठेवायची. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार. नवी फेरी सुरू करताना जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा त्याने हस्तिदंताच्या पातळ पानांवर लाल शाईने पक्क्या रेघा आखल्या. ठिपके पेन्सिलीचे, ओल्या स्पंजने पुसता येतील असे.

यादीत आधी बाराच गुण होते. एका क्वेकर मित्राने त्याला सांगितलं की लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि उदाहरणंही दिली. तेव्हा तेरावा गुण, नम्रता, यादीत आला. इतक्या बारकाईने स्वतःची नोंद ठेवणाऱ्या माणसाला आपला सर्वांत ठळक दोष दुसऱ्याकडून कळला, हे मला त्या सगळ्या तक्त्याहून बोलकं वाटतं. त्याला सर्वाधिक छळलं ते मात्र ‘व्यवस्थितपणा’ने. प्रत्येक कामाला ठरलेली वेळ हा नियम छापखान्यातल्या कारागिराला जमेल, पण मालकाकडे लोक त्यांच्या सोयीने येतात, अशी तक्रार त्याने करून ठेवली आहे. पॅरिसजवळच्या पॅसीत आत्मचरित्राचा हा भाग लिहिताना तो अठ्ठ्याहत्तरीत होता, आणि या एका बाबतीत आपण सुधारलो नाही अशी कबुली त्याने सरळ दिली. पण ती वही त्याची स्वतःची होती. ठिपके त्यानेच काढायचे, त्यानेच पुसायचे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजमाप कारखान्यात शिरलं आणि वही हातातून गेली. बेथलेहेम स्टील कंपनीत १८९९ मध्ये फ्रेडरिक टेलर या अभियंत्याच्या पद्धतीने एका मजुराकडून दिवसाला साडेबाराऐवजी साडेसत्तेचाळीस टन कच्चं लोखंड वाहून घेतल्याची कथा टेलरनेच १९११ च्या पुस्तकात सांगितली. कधी उचलायचं, कधी टेकायचं, हे घड्याळवाला सांगणार. मजुराने विचार करायचा नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातल्या ओतकाम करणाऱ्यांनी स्टॉपवॉच पाहून काम थांबवलं, आणि पुढे अमेरिकी काँग्रेसने सरकारी कारखान्यांत असल्या पाहणीवर पैसा खर्च करायला बंदी घातली.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले प्रयोग (१९२४ ते १९३२) आपल्याकडे एमबीएच्या पहिल्या सत्रात भेटतात. दिवे वाढवले तरी उत्पादन वाढलं, कमी केले तरी वाढलं, माणसाकडे लक्ष दिलं की तो जास्त काम करतो, अशी ती गोष्ट. पुढे मूळ आकडे पुन्हा तपासले तेव्हा ही गोष्ट बरीच विरली. त्याच कारखान्यातली एक खोली मात्र वर्गात घाईघाईने उरकली जाते. टेलिफोन एक्स्चेंजच्या उपकरणांना तारा जोडणारे चौदा पुरुष १९३१ च्या नोव्हेंबरपासून सहा-सात महिने त्या खोलीत काम करत होते आणि कोपऱ्यात एक निरीक्षक बसून टिपणं घेत होता. इथे लक्ष दिल्याने काम वाढलं नाही. दिवसाला किती काम ‘वाजवी’ हे त्या चौदा जणांनी आपसात ठरवलं होतं. फार वेगाने हात चालवणाऱ्याच्या दंडावर शेजारी एक सणसणीत ठोसा लगावत. त्या ठोशाला त्यांच्या बोलीत नावही होतं. आणि कामाचा आकडा सांगायची वेळ आली की ते खरा आकडा देत नसत. आज जास्त झालं तर थोडं मागे ठेवायचं, उद्या कमी पडलं तर त्यातून भरून काढायचं. आलेख कसा सरळ रेघेत. मंदीचे दिवस होते. जास्त काम दिसलं तर दर कापतील, माणसं कमी करतील, ही भीती साधी आणि रास्त होती.

ही माणसं आळशी नव्हती. स्वतःच्या कामाची त्यांना पुरेपूर जाण होती. ती जाण वरच्या माणसाच्या कागदावर उतरू द्यायची नाही, इतकंच त्यांनी ठरवलं होतं.

अप्रेझलचा रकाना सुरू होतो तो १९५४ पासून. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकरने उद्दिष्टं ठरवून काम करण्याची कल्पना मांडली तेव्हा तिचं पूर्ण नाव ‘उद्दिष्टं आणि आत्मनियंत्रण यांच्या आधारे व्यवस्थापन’ असं होतं. आकडे ज्याचे त्यालाच मिळावेत, म्हणजे तो स्वतःला आवरू-सावरू शकेल. वरिष्ठाच्या हातचं हत्यार म्हणून ते वापरले जाऊ नयेत, असा त्याचा आग्रह होता. कंपन्यांनी नावातला पहिला अर्धा घेतला. १९५७ मध्ये डग्लस मॅकग्रेगरने हुद्द्याच्या जोरावर माणसाला गुण देण्याच्या प्रथेवर टीका केली आणि माणसाने आधी स्वतः आपली उद्दिष्टं मांडावीत, स्वतःचं मूल्यमापन करावं, असं सुचवलं. आपला फॉर्म या सूचनेचा वंशज. फक्त त्यातल्या उत्तरांवर पगारवाढ ठरेल असं मॅकग्रेगरच्या मनात नव्हतं.

आता ‘माइंडसेट’कडे. मानसशास्त्रात मनाचा ‘सेट’ हा शब्द आधी दोष दाखवायला वापरला गेला. एब्राहम लचिन्स या मानसशास्त्रज्ञाचं १९४२ चं कोडं घरी करून पाहण्यासारखं आहे. तीन भांडी: एकात २१ मापं पाणी मावतं, दुसऱ्यात १२७, तिसऱ्यात ३. नेमकी १०० मापं काढा. मोठं भरायचं, त्यातून २१ काढायची, मग ३ दोनदा. अशी पाच-सहा गणितं एकाच चालीने सुटतात. मग येतं: २३, ४९ आणि ३, हवीत २०. माणसं ४९ मधून २३ काढतात, मग दोनदा ३, आणि खूश होतात. २३ मधून ३ काढले की झालं, हे बहुतेकांना दिसतच नाही. आधीची गणितं न सोडवलेल्यांना ते लगेच दिसतं. मी हे आठवीतल्या भाचीला दिलं; ती लांबच्या वाटेने गेली आणि उत्तर बरोबर आलंय म्हणून माझ्याशी भांडली.

लचिन्सने काही जणांना मधेच कागदावर ‘आंधळे होऊ नका’ असं लिहायला सांगितलं. तेवढ्याने सगळे नाही, पण काही जण थबकले आणि त्यांना जवळची वाट दिसली. धारणा आणि भान यांची गाठ इथे पडते, तीही एका ओळीपुरती.

भानाचं स्वतःचं शास्त्र १९७२ मध्ये शेली ड्युव्हल आणि रॉबर्ट विकलंड यांनी मांडलं. माणसाचं लक्ष स्वतःकडे वळलं की तो आपोआप ‘मी कसा आहे’ आणि ‘मी कसा असायला हवं’ यांची तुलना करतो. अंतर दिसलं की दोनच वाटा: अंतर कमी करायचं, नाहीतर आरशापासून पळायचं. चार वर्षांनी एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दकोडी दिली आणि घंटा वाजली की थांबा असं सांगून एकटं सोडलं. ७१ टक्के घंटेनंतरही लिहीत राहिले. ज्यांच्यासमोर आरसा होता आणि ज्यांच्या कानावर स्वतःचाच ध्वनिमुद्रित आवाज पडत होता, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होतं. हा आकडा प्रशिक्षणवाल्यांना फार आवडतो. पळून जाण्याची दुसरी वाट ते सांगत नाहीत. जानेवारीत घेतलेली टाइम-लॉगची (किती वाजता काय केलं ते टिपायची) वही फेब्रुवारीत कुठे जाते, याचं उत्तर त्या दुसऱ्या वाटेवर आहे.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं काम शाळकरी मुलांच्या हार मानण्यापासून सुरू झालं. १९७५ च्या त्यांच्या अभ्यासात अपयश म्हणजे प्रयत्न कमी पडले असं समजायला शिकवलेली मुलं पुढच्या अपयशातही तग धरताना दिसली. १९९८ मध्ये त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी पाचवीच्या मुलांवर केलेला प्रयोग गाजला. सोपी कोडी सुटल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘मेहनत घेतलीस’. मग अवघड कोडी दिली. त्यानंतरच्या सोप्या कोड्यांत हुशार ठरलेली मुलं घसरली, मेहनती ठरलेली सुधारली. शेवटी दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी आपला अनुभव आणि मिळालेले गुण निनावी लिहायला सांगितलं, तर हुशार ठरलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. कुणाला कळणार नव्हतं, तरी. आमच्या रांगेतले चार ‘परिपूर्णतावादी’ आठवले की मला ही मुलं परकी वाटत नाहीत.

ड्वेक यांच्या २००६ च्या पुस्तकानंतर ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे क्षमता मेहनतीने वाढते ही धारणा, शाळांतून ऑफिसांत आली, भिंतींवर चढली. २०१९ मध्ये नेचर नियतकालिकात अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला: तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने अभ्यासात मागे असलेल्यांची सरासरी श्रेणी ०.१ ने वाढली. इतक्या स्वस्तात एवढं मिळणं वाईट नाही. भिंतीवरच्या पोस्टरांच्या मानाने मात्र ते फारच थोडं. नुसत्या प्रयत्नांचं कौतुक करत सुटणाऱ्या खोट्या ग्रोथ माइंडसेटबद्दल ड्वेक यांनीच पुढे इशारा दिला.

मराठी वाचकाला या इतिहासाची जवळची शाखा वेगळीच आहे. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास आपली उपचारपद्धती मांडली ती स्टोइक या प्राचीन तत्त्वज्ञांच्या आधाराने, म्हणजे सेनेकाच्याच घराण्यातली. घटना माणसाला अस्वस्थ करत नाही, घटनेबद्दलची त्याची समजूत करते. एलिस यांच्याशी मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, त्या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं आणि विवेकनिष्ठ मानसोपचार या नावाने ती इथे रुजवली. ठाण्याच्या डॉ. आनंद नाडकर्णी यांच्यामुळे ती व्याख्यानांतून घरोघर गेली. एलिस यांनी विल्यम नॉस यांच्याबरोबर १९७७ मध्ये चालढकलीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते चालढकलीमागे आळसापेक्षा हट्ट जास्त असतो: हे काम उत्तम व्हायलाच हवं, ते सोपं असायलाच हवं, मला नावं ठेवली जाऊच नयेत. इंग्रजीत त्यासाठी अख्खे शब्द लागतात. मराठीत सगळा हट्ट एका ‘च’मध्ये मावतो. आपण स्वतःशी बोलताना किती वेळा ‘च’ म्हणतो हे दिवसभर मोजून पाहणं ही मला ठाऊक असलेली सर्वांत स्वस्त सेल्फ असेसमेंट.

यंदाच्या फॉर्ममध्ये एक नवा रकाना आलाय: ‘तुमचा ग्रोथ माइंडसेट दाखवणारा प्रसंग लिहा’, किमान शंभर शब्द. माझी वही ड्रॉवरमध्ये, कुलपात आहे. तिच्यात कालच्या तारखेला दोनच ओळी आहेत. ११.१०, रिपोर्ट उघडला. ११.१४, इनबॉक्स.