सरीसृपांच्या पेटीतील उष्मास्रोत व तापनियंत्रक

सरीसृपांच्या पेटीतील उष्मास्रोत व तापनियंत्रक : पाळीव सरडे, पाली, साप व कासवे यांच्या पेटीला ऊब देणारी साधने आणि त्या उबेला मर्यादा घालणारी उपकरणे (थर्मोस्टॅट). ही दोन्ही सुटी विकली जातात, पण निवड एकत्रच करावी लागते. कारण तापनियंत्रकाचा प्रकार उष्मास्रोतावरून ठरतो. शिवाय तापनियंत्रकाला प्राण्याचे तापमान कळत नसते, त्याला फक्त स्वतःच्या संवेदकाचे (तारेच्या टोकाच्या सेन्सरचे) तापमान कळते. पाळलेल्या सरीसृपांच्या भाजण्याच्या बऱ्याच घटनांच्या मुळाशी एवढीच गोष्ट विसरली गेलेली असते.

सरीसृप अनियततापी आहेत. चयापचयातून त्यांना मिळणारी उष्णता तुटपुंजी असते व ती अंगात टिकतही नाही; म्हणून पचन, हालचाल, रोगप्रतिकार या सर्वांसाठी ते बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतात. त्यांचे तापमान परिसराबरोबर निमूटपणे चढते-उतरते, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तो मोडण्याचे श्रेय सामान्यतः रेमंड कौल्स व चार्ल्स बोगर्ट यांच्या वाळवंटी सरीसृपांवरील १९४४ च्या निबंधाला दिले जाते. सर्गेयेव्ह यांनी नैसर्गिक परिसरातील सरीसृपांच्या शरीरतापमानाची मोजमापे १९३९ मध्येच प्रसिद्ध केली होती, त्यामुळे अग्रक्रमाचा प्रश्न तसा खुला राहतो. मात्र प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून आपले तापमान एका अरुंद पट्ट्यात राखतो ही कल्पना कौल्स व बोगर्ट यांच्यामुळेच रुजली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दाढीवाल्या सरड्याच्या (पोगोना व्हिटिसेप्स) पेटीत हे रोज सकाळी पाहता येते. दिवा लागला की तो दगडावर चढतो, बरगड्या पसरून अंग चपटे करतो आणि पाठ दिव्याकडे कलती धरतो. पाठीचा रंगही गडद होतो. शरीर सु. ३५° से. च्या आसपास आले की रंग उजळतो, मग जबडा उघडतो, आणि तरीही ताप वाढला तर तो उठून गार बाजूला जातो. याचा अर्थ पेटीतील खरा नियंत्रक प्राणी स्वतःच असतो. पाळणाऱ्याने त्याला एक उष्ण टोक, एक गार टोक आणि मधला उतार एवढे द्यायचे असते. सगळी पेटी एकाच ‘योग्य’ तापमानाला ठेवणे ही वरकरणी काळजी वाटते, पण त्यामुळे प्राण्याचा निवडीचा हक्कच हिरावला जातो. ही निवड किती मोलाची आहे हे वाळवंटी इग्वानावरील (डिप्सोसॉरस डॉर्सालिस) प्रयोगांतून दिसले. १९७४ व १९७५ मध्ये क्लुगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या सरड्यांना एरोमोनास हायड्रोफिला या जीवाणूंचा संसर्ग घडवला, तेव्हा ते एरवीपेक्षा उष्ण जागा निवडू लागले. ठरावीक तापमानांत कोंडलेल्यांपैकी ४०° व ४२° से. मधले सरडे ३४° व ३६° से. मधल्यांपेक्षा अधिक संख्येने जगले. आजारी प्राण्याला ताप ‘आणण्यासाठी’ जागा लागते ती अशी.

उष्मास्रोत : ऊब देणारी साधने प्रारण (किरणांवाटे), संवहन (स्पर्शातून) व संनयन (हवेच्या प्रवाहातून) यांच्या वेगवेगळ्या मिश्रणाने काम करतात. प्रारणाची तरंगलांबी पृष्ठाच्या तापमानावर ठरते. हॅलोजन दिव्याचा टंगस्टन तंतू सु. २,८००–३,००० केल्व्हिन तापमानाला असतो, वीनच्या नियमानुसार (पृष्ठ जितके तप्त तितकी कळसाची तरंगलांबी कमी) त्याच्या प्रारणाचा कळस १ मायक्रोमीटरजवळ, म्हणजे निकट अवरक्तात (इन्फ्रारेडचा दृश्य प्रकाशालगतचा भाग; अवरक्त-अ, १.४ मायक्रोमीटरपर्यंत) येतो. काहीशे अंशांना तापणाऱ्या सिरॅमिक हीटरचा कळस ४ ते ५ मायक्रोमीटरवर, तर ४०° से. च्या हीट मॅटचा (विजेवर तापणाऱ्या पातळ चटईचा) ९ मायक्रोमीटरच्या पुढे असतो. ही दोन्ही साधने अवरक्त-क (३ मायक्रोमीटरपुढच्या) गटात मोडतात. पाणी ३ मायक्रोमीटरजवळचे व त्यापुढचे प्रारण फार जोराने शोषते, त्यामुळे ते त्वचेच्या अगदी वरच्या थरातच जिरते. निकट अवरक्त काही मिलिमीटर आत पोहोचते. यावरून हॅलोजनची ऊब सूर्याच्या उबेला अधिक जवळची, असा युक्तिवाद केला जातो. दिवाचर (दिवसा वावरणाऱ्या) सरड्यांच्या बाबतीत तो पटण्याजोगा आहे; मात्र भेदनाचे हे आकडे मुख्यतः मानवी त्वचेवरचे असल्याने खवल्यांच्या कातडीला ते जसेच्या तसे लावू नयेत. हॅलोजनच्या बाजूने दुसरे, अधिक ठोस कारण असे की उजेड व ऊब एकाच दिशेने येतात आणि उन्हात पडण्याची प्राण्याची सवय त्याच जोडीवर घडलेली असते.

रात्री उजेड नको असतो. लाल दिव्याचा उपाय पूर्वीपासून सुचवला जातो, पण अनेक सरड्यांना लाल रंग दिसतो. त्यामुळे उजेडाशिवाय ऊब देणारा सिरॅमिक हीटर बरा. त्याला चिनी मातीचा होल्डर व भोवती जाळी हवीच. बहुतेक जातींना रात्री काही अंशांची घट सोसते, किंबहुना मानवते. क्रेस्टेड गेको या पालीसारख्या जातीला तर २८° से. च्या वरचे तापमानच त्रासदायक होते. ऊब वाढवली की हवेची सापेक्ष आर्द्रता घसरते हेही ध्यानात ठेवावे : २४° से. ला ७० टक्के असलेली हवा पाणी न मिसळता ३२° से. पर्यंत तापवली तर सु. ४४ टक्क्यांवर येते.

मोठ्या सापासाठी एकच प्रखर दिवा धोक्याचा असतो. जाड अंगाच्या अजगराचा वीतभर भाग तापतो आणि बाकीचे शरीर गारच राहते. मग तो आणखी ऊब मिळावी म्हणून तेथेच पडून राहतो आणि तेवढीच जागा भाजते. त्याऐवजी कमी वॉटचे दोन-तीन दिवे शेजारी-शेजारी लावून प्राण्याच्या धडाएवढा उबदार पट्टा तयार करावा. तापणारे कृत्रिम दगड टाळावेत.

हीट मॅट पेटीच्या तळाच्या सु. तृतीयांश भागाखाली, बाहेरून लावतात. तिच्यावर भुशाचा जाड थर घातला तर उष्णता कोंडते, वरचा पृष्ठभाग गार भासतो आणि काच मात्र तापत जाते, प्रसंगी तडकतेही. मॉरिट्झ व हेन्रिक्स यांच्या १९४७ च्या निष्कर्षांनुसार मानवी त्वचा ४४° से. च्या पृष्ठाला सु. सहा तास टेकून राहिली तरी भाजते. भुसा उकरून थेट काचेवर वेटोळे घालणाऱ्या बॉल पायथन या अजगराला संपूर्ण रात्र मिळालेली असते.

तापनियंत्रक : या उपकरणाच्या उगमाबद्दल एकमत नाही. ते बहुधा अंडी उबवण्याच्या गरजेतून आले. कॉर्नेलिस ड्रेबेल (१५७२–१६३३) या डच संशोधकाच्या उबवणी भट्टीत मद्यार्क व पारा भरलेले काचपात्र होते. मद्यार्क प्रसरण पावला की पारा ढकलला जाई, त्यावरची दांडी उचलली जाई आणि हवेची झडप मिटत असे. हे साधन सतराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतले मानले जाते. पुनर्भरणाने (आपल्याच परिणामाची दखल घेऊन) स्वतःला आवरणारे हे आद्य साधनांपैकी एक असल्याने बरेच अभ्यासक ड्रेबेल यांनाच जनक मानतात. अँड्रू यूर यांचा पक्ष घेणारे द्विधातू पट्टीवर (उष्णतेने वाकणाऱ्या, दोन धातू जोडलेल्या पट्टीवर) चालणाऱ्या त्यांच्या १८३० च्या पेटंटकडे बोट दाखवतात. ‘थर्मोस्टॅट’ हा शब्दही त्यांचाच. मात्र द्विधातू पट्टी त्यापूर्वीच, अठराव्या शतकाच्या मध्यास, जॉन हॅरिसन यांनी आपल्या सागरी घड्याळात वापरलेली होती. विद्युत् तापनियंत्रकाचे वॉरन जॉन्सन यांचे पेटंट १८८३ चे. तत्त्व ड्रेबेल यांचे आणि नाव यूर यांचे, अशी विभागणी केल्यास वाद बराचसा मिटतो.

आजची उपकरणे तीन प्रकारची. चालू-बंद प्रकार ठरल्या तापमानाला वीज तोडतो व एक-दोन अंश उतरल्यावर पुन्हा जोडतो. तो हीट मॅटला पुरेसा असतो. दिव्याला लावला तर पेटीत दिवसभर उजेड-अंधाराचा खेळ चालतो. स्पंद प्रकार विजेचे लहान-लहान ठोके देतो व लक्ष्य जवळ येताच त्यांचे प्रमाण घटवतो. तो सिरॅमिक हीटरसाठी उत्तम. दिवा त्यावर लुकलुकतो. मंदक (डिमिंग) प्रकार वीज सलग कमी-जास्त करतो आणि हॅलोजनला तोच लागतो. पारद-बाष्प दिवा मात्र मंद करता येत नाही, म्हणून त्याची ऊब फक्त अंतराने आवरायची. मंदकाबाबत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही : दिवा मंद झाला की तंतू थंडावतो, प्रकाश तांबूस होतो आणि निकट अवरक्ताचा वाटा घटतो. म्हणून वॉट असे निवडावेत की दिवसा दिवा जवळजवळ पूर्ण शक्तीने जळेल व तापनियंत्रक केवळ उन्हाळ्यात हस्तक्षेप करील.

संवेदक कोठे बसवावा हा प्रश्न उपकरणाच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा आहे. हीट मॅटसाठी तो मॅट व काच यांच्यामध्ये किंवा भुशाखाली काचेला घट्ट चिकटवून बसवतात; दिव्यासाठी प्राणी जेथे पहुडतो तेथे, त्याच्या पाठीच्या उंचीवर. सापाने वेटोळे फिरवताना तार ओढली आणि संवेदक गार कोपऱ्यात जाऊन पडला, तर उपकरणाच्या लेखी पेटी थंडच असते व हीटर अखंड चालू राहतो. संवेदक पाण्याच्या भांड्यात पडला तरी हेच घडते. तार म्हणूनच दर वीतभर अंतरावर बांधावी. उपकरणाच्या पडद्यावरचा आकडा पुरेसा मानू नये; प्राणी ज्या पृष्ठावर बसतो त्याचे तापमान अवरक्त तापमापकाने वेगळे मोजावे.

तापनियंत्रकातील रिलेचे (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे) संपर्क वितळून चिकटले किंवा ट्रायॅक (तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) निकामी झाला, तर हीटर बहुधा चालूच राहतो. यावर उपाय म्हणजे काही अंश वर लावलेला दुसरा स्वतंत्र तापनियंत्रक त्याच तारेवर मालिकेत जोडणे.

पाण्यातील कासवांना पाण्यात बुडवायचा, अंगभूत तापनियंत्रक असलेला हीटर लागतो. त्याभोवती प्लास्टिकचे संरक्षक कवच असावे, आणि पाणी बदलण्यापूर्वी तो बंद करून निवू द्यावा. उघडा पडलेला तापता हीटर पाण्यात गेला की काच फुटते.