नमनालाच घडाभर तेल: संस्थांचं सामायिक सॉफ्टवेअर बसवणं इतकं जड का झालं

घरच्या संगणकावर एखादा प्रोग्रॅम टाकायचा तर फाइल उतरवून घ्यायची, चार वेळा ‘नेक्स्ट’ दाबायचं, झालं काम. मोठ्या संस्थेत सगळ्यांनी मिळून वापरायचं सॉफ्टवेअर, म्हणजे मेल, कॅलेंडर, दस्तऐवजांचा साठा, चर्चेच्या जागा, चॅट वगैरे, बसवणाऱ्या अ‍ॅडमिनला मात्र पहिल्या ‘नेक्स्ट’पर्यंत पोचायलाच दोन-तीन आठवडे लागतात. सर्व्हर एका टीमच्या ताब्यात, डेटाबेस दुसऱ्या, फायरवॉल तिसऱ्या. आणि सर्व्हिस अकाउंटचा, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतः ज्या खात्याने चालतं त्याचा, पासवर्ड ज्याला ठाऊक आहे तो नेमका रजेवर. हे दुखणं जुनं आहे. त्याची मुळं शोधत गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: अशा सॉफ्टवेअरला सगळ्यात आधी ‘इथे कोण कोण आहे’ हे कळावं लागतं, आणि नेमकी तीच माहिती कुठल्याही संस्थेत एका जागी, नीट, कधीच नसते.

गंमत अशी की या सॉफ्टवेअरच्या जन्मस्थानी इन्स्टॉलेशन नावाचा प्रकारच नव्हता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी जे प्रात्यक्षिक दाखवलं, त्यात दोन ठिकाणची माणसं एकाच पडद्यावर एकच मजकूर हाताळत होती. पण मागे यंत्र एकच होतं. इलिनॉय विद्यापीठातल्या ‘प्लेटो’ या शिक्षणप्रणालीचंही तसंच. १९७३ मध्ये डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या मुलाने तिच्यावर ‘नोट्स’ हा चर्चेचा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो मधल्या मोठ्या संगणकावर ठेवताच प्रत्येक टर्मिनलवर उमटला. वापरणारे सगळे त्या यंत्राला आधीच माहीत होते. ‘तू कोण’ हा प्रश्न सुटलेला, त्यामुळे बसवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

प्लेटोवर वाढलेल्या विद्यार्थ्यांपैकी रे ओझी यांनी १९८४ मध्ये आयरिस असोसिएट्स ही कंपनी काढली. पैसा लोटस कंपनीचा. तिथून १९८९ मध्ये ‘लोटस नोट्स’ बाहेर पडलं. प्राइस वॉटरहाउसने त्याच्या तब्बल १०,००० प्रती घेतल्या, आणि त्या काळात पीसीच्या सॉफ्टवेअरसाठी हा आकडा थक्क करणारा होता. पण आता मधलं मोठं यंत्र उरलं नव्हतं. प्रत्येक टेबलावर सुटा पीसी होता, आणि प्लेटोत जे आयतं मिळालं होतं ते केंद्र नोट्सला स्वतः उभारावं लागलं. म्हणून ते आपलं सगळं बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलं: स्वतःची पत्त्यांची वही, स्वतःचा डेटाबेस, स्वतःची मेलची व्यवस्था, सर्व्हर-सर्व्हरमध्ये नकला जुळवण्याची स्वतःची रीत, आणि ओळख पटवण्यासाठी प्रत्येकाला एक आयडी फाइल. सार्वजनिक किल्लीचं कूटलेखन (कुलूप लावायची किल्ली जाहीर, उघडायची गुप्त) व्यवहारात आणणाऱ्या अगदी पहिल्या व्यावसायिक उत्पादनांत त्याची गणना होते.

या स्वयंपूर्णतेचा फायदा असा की पहिला सर्व्हर उभा करायला फारशी कुणाची मनधरणी करावी लागत नसे. तोटा पुढे कळायचा. सगळ्यांच्या आयडीवर शिक्का मारणारी एक मुख्य फाइल असायची. ती किंवा तिचा पासवर्ड हरवला की नव्या माणसाला आत घेता येत नसे. शिवाय संस्थेची उतरंड, म्हणजे कोणता विभाग कुणाच्या खाली, ही पहिल्याच दिवशी नावांच्या रचनेत कोरली जायची. सेटअपच्या त्या एका पडद्यावर घाईत टाइप केलेलं नाव पुढे पंधरा वर्षं प्रत्येक कर्मचाऱ्याच्या ओळखीला शेपटासारखं चिकटून राहिल्याची उदाहरणं जुन्या अ‍ॅडमिनांकडे ढिगाने सापडतील.

इथे एक शब्द तपासण्याजोगा आहे. ‘ग्रुपवेअर’ हा शब्द पीटर आणि ट्रुडी जॉन्सन-लेन्झ या जोडप्याने १९७८ मध्ये घडवला, तेव्हा त्यात दोन गोष्टी धरल्या होत्या: गटाने जाणीवपूर्वक ठरवलेली कामाची पद्धत, आणि तिला आधार देणारं सॉफ्टवेअर. विकताना मात्र खोक्यात फक्त दुसरी गोष्ट यायची. १९९२ मध्ये वांडा ऑर्लिकोव्स्की यांनी एका मोठ्या सल्लागार कंपनीत नोट्स कसं रुळतंय याचा अभ्यास मांडला. तिथे यंत्रणा बसली होती, चालत होती, पण माणसं ती आपल्या जुन्या, एकेकट्याने काम करण्याच्या सवयीनेच वापरत होती. ज्या कंपनीत स्वतःचं ज्ञान राखून ठेवणाऱ्यालाच बढती मिळते, तिथे सामायिक साठ्यात ते कोण ओतणार? सेटअपच्या पुस्तिकेत या प्रश्नासाठी पान नसतं.

नव्वदीच्या दशकात एका संस्थेत पाच-पाच पत्त्यांच्या वह्या झाल्या. नेटवर्कच्या लॉगिनची एक, मेलची दुसरी, पगारपत्रकाची तिसरी. यावर उतारा म्हणून डिरेक्टरी आली, म्हणजे सगळ्या संस्थेची एकच सामायिक वही. १९८८ चं एक्स.५०० हे मानक अतिशय भारदस्त आणि तितकंच अवजड होतं. त्याचा हलका अवतार, एलडॅप, १९९३ च्या सुमारास मिशिगन विद्यापीठात तयार झाला. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० बरोबर मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली, आणि माझ्या मते बसवण्याच्या इतिहासाचे दोन भाग इथेच पडतात.

एक्स्चेंज ५.५ पर्यंत मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरची स्वतःची डिरेक्टरी होती. एक्स्चेंज २००० ने ती टाकून दिली आणि सगळा भार अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर ठेवला. कल्पना उत्तम: माणूस एकदाच नोंदवायचा. पण त्यासाठी मेलच्या इन्स्टॉलरला संपूर्ण संस्थेच्या डिरेक्टरीचा साचाच, म्हणजे स्कीमा, वाढवावा लागे. ‘फॉरेस्टप्रेप’ नावाची ती पायरी चालवायला सर्वोच्च अधिकार लागत, आणि स्कीमात घातलेली गोष्ट निष्क्रिय करता येते, पुसता येत नाही. मेल बसवायला आलेला माणूस आता सगळ्या घराच्या पायात हात घालू लागला. साहजिकच डिरेक्टरीची टीम सावध झाली. मंजुरीचे अर्ज, बैठका, चाचणीचं वेगळं आवार, ‘परत कसं फिरायचं ते लिहून द्या’ हे सगळं तिथून सुरू झालं. आणि परत फिरायची वाट तर मुळातच नव्हती.

डिरेक्टरीबरोबर कर्बेरॉस आला. एमआयटीच्या अथेना प्रकल्पातून निघालेली ही ओळख पटवण्याची पद्धत, नाव ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या कुत्र्यावरून. तिच्यात प्रत्येक तिकिटावर, म्हणजे ओळखीच्या डिजिटल चिठ्ठीवर, वेळ असते, आणि विंडोजमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की दार बंद. मी एकदा दीड दिवस लॉगिन का होत नाही म्हणून पासवर्ड बदलत, सेवा बंद-चालू करत बसलो होतो. शेवटी सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे निघालं. पडद्यावरच्या संदेशात वेळेचा उल्लेख नव्हता. ‘प्रवेश नाकारला’ एवढंच. पाटी दाराची, कारण घड्याळाचं, आणि घड्याळ चौथ्याच टीमचं.

शेअरपॉइंट म्हणजे मायक्रोसॉफ्टचा दस्तऐवजांचा सामायिक साठा. त्याची पहिली आवृत्ती २००१ ची. २०१० च्या आवृत्तीपर्यंत ते इतकं पसरलं होतं की इन्स्टॉलरच्या आधी चालवायचा एक वेगळा इन्स्टॉलर सोबत येई, लागणारे इतर घटक आणून बसवणारा. नमनालाच घडाभर तेल ते हेच. त्यानंतरचा ‘फार्म’, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सर्व्हरांचा संच, उभारणारा विझार्ड सोपा होता, आणि अनुभवी मंडळी त्याला हात लावत नसत. कारण तो आपल्या मनाने डेटाबेस बनवायचा आणि प्रत्येकाच्या नावामागे ३२ अक्षर-अंकांची शेपटी लावायचा. डेटाबेस सांभाळणाऱ्याने अशी वीस नावं पाहिली की दुसऱ्या दिवशी त्याचा फोन ठरलेला. म्हणून जाणकार सगळं पॉवरशेलच्या, म्हणजे विंडोजला टाइप करून द्यायच्या, आज्ञांनी करत, आणि एकाने लिहिलेली स्क्रिप्ट दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे फिरत राही.

याच आवृत्तीतली कर्मचाऱ्यांची माहिती डिरेक्टरीतून आणणारी सेवा ‘सुरू होत आहे’ या अवस्थेत तासन्‌तास अडकून बसायची आणि त्यासाठी कुप्रसिद्ध होती. तिला हव्या असलेल्या परवानग्यांपैकी एक डिरेक्टरीत द्यावी लागे, एक स्थानिक यंत्रावर, आणि क्रम चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पुढच्या, २०१३ च्या आवृत्तीने डेटाबेस सर्व्हरवर समांतर कामाची मर्यादा १ असावी, म्हणजे एक प्रश्न एकाच वेळी अनेक प्रोसेसरांत वाटला जाऊ नये, अशी अट घातली. ही मर्यादा त्या सर्व्हरवरच्या बाकीच्या डेटाबेसनाही लागू होते. म्हणजे दस्तऐवजांच्या साठ्यासाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर मंद करायचं का, हा तांत्रिक वाटणारा प्रश्न खरं तर दोन विभागप्रमुखांमधला होता, आणि तो सोडवायला पाठवला जायचा एखादा बाहेरून आलेला सल्लागार.

आयबीएमने १९९५ मध्ये सुमारे ३.५ अब्ज डॉलरना लोटस घेतली होती. २००७ मध्ये तिथून ‘लोटस कनेक्शन्स’ आलं: प्रोफाइल, समुदाय, ब्लॉग, कामांच्या याद्या असं संस्थेअंतर्गत समाजमाध्यम. जुनं नोट्स आपलं बिऱ्हाड घेऊन यायचं. कनेक्शन्स आयबीएमच्या घरातल्या प्रत्येक खोलीतून एकेक वस्तू मागून आणायचं. खाली वेबस्फिअर, म्हणजे हे सगळं ज्यावर चालतं तो सर्व्हर-प्रोग्रॅम, त्याचा व्यवस्थापक आणि हाताखालचे नोड, डीबी२ किंवा तत्सम डेटाबेस, त्यात प्रत्येक विभागासाठी वेगळा, पुढे वेब सर्व्हर, एलडॅप डिरेक्टरी, आणि तिच्यातली माणसं प्रोफाइलमध्ये भरायला टिवोली नावाच्या कुटुंबातलं आणखी एक साधन. एवढ्यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, पॅचसकट, म्हणजे नंतर आलेल्या दुरुस्त्यांसकट. मग एक्सएमएल फाइल ‘चेक-आउट’ करून बदलायची, परत टाकायची, नोड जुळवून घ्यायचे, वेब सर्व्हरकडे नवी जोडणी पोचवायची, सर्टिफिकेटं एकमेकांना ओळखीची करून द्यायची. यातली एकही पायरी कठीण नाही. त्या साठ-सत्तर आहेत आणि तिसरीतली चूक पन्नासावीत कळते, एवढंच.

मोठ्या उत्पादनांची अशी गत का होते याचं उत्तर बरंचसं विक्रीत आहे. सॉफ्टवेअर निवडतो एक, बसवतो दुसरा, वापरतो तिसरा. निवडणाऱ्याला दाखवला जातो तो आधीच सजवलेला डेमो. बसवण्याचा त्रास खरेदीच्या तक्त्यात येतच नाही. शिवाय त्रासावर जगणारा सल्लागारांचा मोठा वर्ग तयार होतो. मीही त्यातलाच, त्यामुळे यावर फार बोलत नाही.

मग क्लाउड. फेब्रुवारी २००७ मध्ये गूगलने संस्थांसाठी सशुल्क अ‍ॅप्स आणली, जून २०११ मध्ये ऑफिस ३६५ आलं, फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक हे चॅटचं साधन सगळ्यांना खुलं झालं, मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचं टीम्स. बसवणं संपलं असं सगळ्यांना वाटलं. सर्व्हरपुरतं ते संपलंही. पण ‘इथे कोण कोण आहे’ हा प्रश्न क्लाउडलाही पडतोच, आणि उत्तर आतल्या डिरेक्टरीत. असंख्य संस्थांनी एकेकाळच्या सल्ल्यानुसार आतल्या डोमेनचं नाव ‘डॉट लोकल’ने संपणारं ठेवलं होतं. इंटरनेटवर असं नाव चालत नाही, त्यामुळे क्लाउडशी जोडणी करताना प्रत्येकाचं लॉगिन-नाव बदलण्याची वेळ आली. एकाच पत्त्याच्या दोन नोंदी, नावात शिरलेली अवैध चिन्हं, सोडून गेलेल्यांची जिवंत खाती हा सगळा गाळ वर आला, इतका की तो शोधायला मायक्रोसॉफ्टला ‘आयडीफिक्स’ नावाचं वेगळं साधन द्यावं लागलं.

जे स्वतःच्या सर्व्हरवर राहिले त्यांच्यासाठी कंटेनर आले, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकाच पेटीत. अशी पेटी बनवणारा डॉकर २०१३ चा, अनेक पेट्या सांभाळणारं कुबरनेटिस २०१४ चं. मॅटरमोस्ट किंवा नेक्स्टक्लाउडसारखी मोकळ्या स्रोताची साधनं यामुळे खरोखर हलकी झाली; चाचणीपुरती ती तासाभरात उभी राहतात. जुन्यांपैकी नोट्स-डॉमिनो (डॉमिनो म्हणजे नोट्सचा सर्व्हर) आणि कनेक्शन्स २०१९ मध्ये १.८ अब्ज डॉलरच्या व्यवहारातून एचसीएल या भारतीय कंपनीकडे गेली, आणि डॉमिनोच्या २०२१ च्या आवृत्तीत एकाच फाइलमधून सगळा सेटअप उरकण्याची सोय झाली. कनेक्शन्सच्या नव्या भागांना मात्र जुन्या वेबस्फिअरशेजारी कुबरनेटिसही लागू लागलं. म्हणजे दोन पिढ्यांची माहिती असलेला माणूस शोधा.

बसवायला अवघड असलेल्या गोष्टीला नंतर कुणी हात लावत नाही, आणि याची किंमत मार्च २०२१ मध्ये दिसली. एक्स्चेंजमधल्या त्रुटींवर हल्ले सुरू झाले तेव्हा पहिले पॅच अलीकडच्या आवृत्त्यांसाठीच होते. ‘चालतंय ना, मग कशाला छेडा’ म्हणत ज्यांनी अपग्रेड टाळलं होतं ते उघडे पडले. जुन्या आवृत्त्यांसाठी पॅच काही दिवसांनी आले. जुलै २०२५ मध्ये स्वतःच्या सर्व्हरवरच्या शेअरपॉइंटवर असाच हल्ला झाला. तेव्हा पॅच लावूनही भागत नव्हतं, आतल्या किल्ल्याही बदलाव्या लागत होत्या.

आणि एक्स्चेंज सोडून क्लाउडला गेलेल्यांचं काय? मेलपेट्या सगळ्या हलल्या तरी पत्त्यांच्या नोंदी आतल्या डिरेक्टरीतून हाताळायच्या म्हणून शेवटचा एक सर्व्हर कित्येक वर्षं चालू ठेवावा लागत होता, एकही मेल न हाताळणारा. एप्रिल २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो थांबवण्याची वाट दिली. सोबत सूचना होती: सर्व्हर बंद करा, पण एक्स्चेंज अनइन्स्टॉल करू नका. ते काढताना डिरेक्टरीतली गरजेची माहितीही जाते.