शनिवारवाड्यात नेमकं काय उरलं?

शनिवारवाड्यात येणाऱ्यांपैकी निम्मे लोक ‘काका मला वाचवा’ची जागा शोधत फिरतात. पायाखालच्या जोत्यांकडे फारसं कुणी बघत नाही. खरं तर वाड्याचं काय झालं, ते या दगडांवरूनच कळतं.

मुठेच्या काठी पहिल्या बाजीरावांनी १७३० साली वाड्याची पायाभरणी केली, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. बांधणी नेहमीच्या मराठी वाड्याची, फक्त राजेशाही मापाची: खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर सागवानी खांब, तुळया आणि तक्तपोशी, मधे विटा आणि चुना. १८२८ साली आग लागली, ती काही दिवस धुमसत राहिली. आतले महाल गेले. तटबंदी, पाच दरवाजे आणि जोती राहिली.

सागवान काही कापरासारखं भुर्रकन जळत नाही. साधारण तीनशे अंशांच्या आसपास लाकडातून ज्वलनशील वायू सुटतात, पण पृष्ठभागावर कोळशाचा थर धरतो आणि तोच आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. जाड लाकूड मिनिटाला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर आत जळत जातं. म्हणजे फूटभर जाडीचा खांब चहूबाजूंनी पेटला तरी तीन-चार तास पुरतो. दिवसचे दिवस चाललेल्या आगीपुढे मात्र हा हिशेब संपतो.

दगडाचं तसं नाही. एक तर ज्वाळा आणि तापलेली हवा वर जाते, त्यामुळे जोत्याला आच तुलनेने कमी. शिवाय दख्खनचा बेसाल्ट. ग्रॅनाइटमध्ये गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, स्फटिक भरपूर असतात. ते ५७३ अंशांना एकदम फुगतात आणि दगड तडकतो. बेसाल्टमध्ये गार जवळजवळ नसतेच. तटाच्या वरच्या भागातल्या विटा तर भट्टीतूनच निघालेल्या. चुना तेवढा नाजूक: आठशे अंशांच्या पुढे त्याची कळी, म्हणजे पुन्हा कळीचा चुना, होऊ लागते आणि सांधे सुटतात.

मग दिल्ली दरवाजावरचा नगारखाना, तोही लाकडी, कसा वाचला? मला वाटतं, अंतरामुळे. तो तटावर आहे, महालांपासून सुटा, मधे मोकळं अंगण. आगीची धग अंतराबरोबर झपाट्याने कमी होते. त्याच्या सागवानी खांबांवरचं कोरीवकाम जवळून बघा: आतले महाल कसे असतील, याचा वाड्यात उरलेला सगळ्यात चांगला नमुना तोच.