भीती लोकलची, की लोकलमध्ये जे होईल त्याची?

एखादा माणूस लोकलने जायचं टाळतो, एवढ्यावरून त्याचा चिंताविकार कोणता ते ओळखता येत नाही. गाडीत नेमकं काय होईल असं त्याला वाटतं, ते विचारावं लागतं. ‘मधेच धडधडायला लागलं आणि उतरता आलं नाही तर?’ हे उत्तर पॅनिक (अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके) किंवा अ‍ॅगोराफोबिया (जिथून सुटका कठीण अशा जागांची भीती) यांच्याकडे बोट दाखवतं. ‘सगळे माझ्या थरथरत्या हाताकडे बघतील’ ही सामाजिक चिंता. एसी लोकलचं दार बंद झालं की जीव घाबरतो आणि लिफ्टमध्येही तेच होतं, तर तो बंद जागेचा फोबिया.

सार्वत्रिक चिंताविकाराचा माणूस बहुधा लोकल टाळतही नाही. तो बसतो, पण डोक्यात ऑफिस, आईचं बीपी, मुलाची फी अशी रांग लागलेली असते. ही काळजी किमान 6 महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी असावी लागते. सोबत अस्वस्थता, थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं आणि झोप बिघडणं यांपैकी निदान तीन गोष्टी हव्यात. असे रुग्ण पुष्कळदा मानदुखी आणि निद्रानाश घेऊन डॉक्टरांकडे येतात. काळजीला ते आजार समजतच नाहीत, ‘माझा स्वभावच असा’ म्हणतात.

ओसीडी (नको ते विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या कृती) आणि आघातानंतरचा तणावविकार हेही पूर्वी चिंताविकारांच्याच घरात होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात 2013 साली त्यांना वेगळी प्रकरणं मिळाली.

पॅनिक अटॅक काही मिनिटांत शिगेला पोचतो. श्वास जोरजोरात घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून गरगरतं, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. माणसाला वाटतं, हार्ट अटॅकच. त्या धास्तीने श्वास आणखी वाढतो. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर मात्र ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी थांबू नये, ईसीजी काढावा. थायरॉइडची तपासणीही करावी, कारण ते वाढलं की धडधड, घाम, थरथर अगदी अशीच असते. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय विसरा: त्रास हृदयाचा किंवा दम्याचा निघाला तर ऑक्सिजन आणखी कमी होतो.

खरा घोळ अटॅकनंतर होतो. माणूस फास्ट सोडून स्लो पकडतो, मग दाराशीच उभा राहतो, मग रिक्षा, मग घर. प्रत्येक वेळी मध्येच उतरल्यावर बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. उपचारात हीच शिडी उलटी चढायची असते. आधी नुसतं फलाटावर थांबायचं, मग सोबतीने एक स्टेशन, मग एकट्याने एक, पुढे तीन, शेवटी फास्ट. एकच पायरी आठवड्यातून अनेकदा करायची आणि भीती टिपेला असताना पळ काढायचा नाही. इथे बरेच जण फसतात ते खिशात ठेवलेल्या, भीती झटपट शमवणाऱ्या गोळीमुळे. ती घेतली नाही तरी श्रेय तिलाच जातं. अशा अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय लागते, आणि रोज घेत असाल तर एकदम बंद केल्यास फिटही येऊ शकते. एसएसआरआय गटातल्या (नैराश्यावरही देतात त्या) औषधांची सवय तशी लागत नाही, पण गुण यायला 2 ते 6 आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढू शकते, म्हणून डोस अगदी कमी ठेवून सुरुवात करतात. नेमके याच आठवड्यात लोक औषध सोडतात. कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

रक्त आणि सुईच्या फोबियाचं गणित निराळं आहे. बाकी भीतींत बीपी चढतं, यात आधी किंचित चढून धाडकन पडतं आणि माणूस कोसळतो. त्यामुळे ‘अंग सैल सोड’ हा सल्ला इथे चुकीचा. मांड्या, पोट आणि दंड 10 ते 15 सेकंद आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचं, 20 ते 30 सेकंद थांबायचं, असं पाच वेळा. ज्या हातातून रक्त काढायचं तो मात्र सैल ठेवावा, आणि लॅबमध्ये गेल्यागेल्याच ‘मला चक्कर येते, आडवं होऊन देतो’ असं सांगून टाकावं.