हर्झलच्या आधीचा पिन्स्कर

झायोनिझम, म्हणजे ज्यूंना स्वतःचा देश हवा ही चळवळ, म्हटलं की सगळे थेट तिचा पुढारी थिओडोर हर्झल आणि त्याने 1897 ला स्वित्झर्लंडमधल्या बासेलला भरवलेली परिषद इथूनच सुरुवात करतात, पण त्याच्या 15 वर्षं आधी ओडेसातल्या एका डॉक्टरने बरंचसं तेच लिहून ठेवलं होतं. मला त्याची गोष्ट जास्त भिडते, कारण साठीला आल्यावर आयुष्यभराचं मत बदलायला जिगर लागते.

लिओन पिन्स्कर, जन्म 1821, आताच्या पोलंडमधला, तेव्हा तो भाग रशियाकडे. वडील हिब्रूचे मोठे अभ्यासक. पोरगा ओडेसात कायदा शिकला, पण ज्यू म्हटल्यावर वकिलीची वाट बंद, म्हणून मॉस्कोला जाऊन डॉक्टर झाला, क्रिमियन युद्धात रशियन सैनिकांवर उपचारही केले. त्याचं तेव्हाचं म्हणणं साधं होतं, ज्यूंनी रशियन शिकावं, इथल्या समाजात मिसळावं, हळूहळू बरोबरीचे हक्क मिळतीलच. यासाठी त्याने वर्षानुवर्षं लिहिलं, संस्थांमध्ये राबला.

1871 ला ओडेसातच ज्यूंविरुद्ध दंगल झाली तेव्हा पहिला तडा गेला. मग मार्च 1881 मध्ये झार अलेक्झांडर दुसरा याचा खून झाला आणि महिनाभरात दक्षिण रशियात पोग्रोमची लाटच आली, म्हणजे ज्यूंची घरं-दुकानं फोडणं, लुटणं, मारहाण, आणि शिकलेल्या रशियन लोकांमधूनही फारसं कुणी त्यांच्या बाजूने उभं राहिलं नाही. पिन्स्करला हेच जास्त लागलं असणार असं मला वाटतं.

तो पश्चिम युरोपातल्या ज्यू पुढाऱ्यांना भेटत फिरला. व्हिएन्नाचे नामवंत रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, येलिनेक यांच्यासमोर बसून त्याने सांगितलं, आपल्याला स्वतःची भूमी हवी. येलिनेकना वाटलं या माणसाच्या मनावर परिणाम झालाय, त्यांनी त्याला विश्रांती घ्यायला सांगितलं.

विश्रांती कसली, 1882 ला त्याने बर्लिनमध्ये जर्मन भाषेत, नाव न टाकता पुस्तिका छापली, 'ऑटोएमान्सिपेशन', म्हणजे आपली सुटका आपणच करायची. त्यात डॉक्टर स्पष्ट दिसतो, ज्यूद्वेष हा त्याच्या मते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, बरा न होणारा मनाचा आजार. कारण काय, तर देश गेला तरी हे लोक राष्ट्र म्हणून उरले, मेलेला माणूस जिवंतांमध्ये हिंडावा तसे, आणि भुताची भीती कुणाला वाटत नाही? उपाय एकच, स्वतःची जमीन. ती पॅलेस्टाईनच असावी असा हट्ट मात्र त्यात नव्हता.

तरी पॅलेस्टाईनमध्ये वस्त्या वसवू पाहणाऱ्या 'होव्हेवेई झियोन' गटांनी त्यालाच पुढे केलं आणि 1884 च्या काटोविट्झ परिषदेत तो त्यांचा अध्यक्ष झाला. पुढची वर्षं ओढाताणीचीच, पैसा तुटपुंजा, धार्मिक मंडळींना असा आधुनिक विचारांचा पुढारी नको होता. 1890 ला रशियन सरकारने त्यांच्या ओडेसा कमिटीला कायदेशीर परवानगी दिली आणि पुढच्याच वर्षी पिन्स्कर ओडेसात वारला.

हर्झलने ज्यूंच्या देशाबद्दलचं स्वतःचं पुस्तक लिहिलं तेव्हा पिन्स्करची ही पुस्तिका वाचलेलीही नव्हती. 1934 ला पिन्स्करच्या अस्थी ओडेसाहून जेरुसलेमला नेल्या आणि स्कोपस डोंगरावरच्या एका जुन्या गुहेत पुरल्या.