दादागिरीला प्रेक्षक लागतात

पोरगं शाळेतून रडत आलं की घरात दोनच सल्ले मिळतात, एकतर "लक्ष देऊ नकोस" नाहीतर "तू पण एक ठेवून दे". दोन्हीत धरून चाललोय की मामला दोघांचाच आहे, आणि घोळ तिथेच आहे.

आधी एक गोष्ट, दोन मित्र एकमेकांना जाड्या-ढापण्या म्हणतात ते बुलिंग, म्हणजे दादागिरी, नव्हे. डॅन ओल्वेउस नावाच्या संशोधकाने तीन खुणा सांगितल्यात: मुद्दाम दिलेला त्रास, तोही पुन्हा पुन्हा, आणि समोरच्याला परतफेड करता येत नाही. आता परतफेड जमतच नसेल तर "एक ठेवून दे" काय कामाचं?

टोरोंटोच्या प्राथमिक शाळांमध्ये संशोधकांनी पोरांच्या अंगावर वायरलेस माइक लावून लांबून मैदान शूट केलं. 88 टक्के प्रसंगांत बाकीची पोरं तिथेच होती, मध्ये पडली 19 टक्के वेळा, पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा (57 टक्के) प्रकार 10 सेकंदात बंद! तेवढ्यात कोणी स्टाफरूमपर्यंत पण पोचत नाही.

मग पडत का नाहीत? मनातून बऱ्याच जणांना ते आवडत नसतं, पण बाकीचे हसतायत म्हणजे त्यांना मजा येतेय असं वाटून हाही हसतो, याचं हसू बघून पुढच्याला तसंच वाटतं, म्हणजे वर्गाचं दिसणारं मत आणि एकेकाच्या मनातलं मत यांचा मेळच नाही. दादाला हवी असते वट, ती हे हसणारे देतात.

फिनलंडने हेच पकडलं. तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्लींनी 1996 मध्ये दाखवलं की वर्गात साथ देणारे, हसून चढवणारे, लांब राहणारे आणि बाजू घेणारे असे सगळे असतात. त्यावरून 'किवा' नावाचा बुलिंगविरोधी कार्यक्रम आला, 2009 पासून देशभर. त्यात पहिली, चौथीच्या पोरांना नाटुकली आणि कॉम्प्युटर गेममधून शिकवतात की हसायचं नाही, त्रास होतोय त्या पोराशेजारी जाऊन बसायचं, मोठ्यांना सांगायचं. बुलिंग कमी झालं, संपलं नाही.

आपल्याकडे 'मोठ्यांना सांग' इथे गाडी अडते, कारण चुगलखोर म्हणवून घ्यायची भीती. पोरांना एवढंच सांगा, कोणाला ओरडा बसावा म्हणून सांगितलं तर चुगली, कोणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं तर नाही. आणि बाई, सर, पोरगं सांगायला आलं की "सारखं काय नावं सांगतोस, जा जागेवर" म्हणू नका हो.